आधी आराखडा, मग संगणक

कोणत्याही सहकारी संस्थेचा किंवा शेतकरी उत्पादक कंपनीचा खरा आधार तिचे दप्तर हाच असतो. गोदामात माल किती आहे, कोणत्या सभासदाचे किती देणे राहिले आहे, मागील हंगामात बियाणे कोणास व किती दिले, ह्या प्रश्नांची उत्तरे दप्तराने द्यावयाची असतात. ती वेळेवर व बिनचूक मिळाली नाहीत, तर प्रामाणिक संचालकांच्या सचोटीविषयीही सभासदांच्या मनात शंका उत्पन्न होते. हे दप्तर आता वह्यांतून संगणकात जात आहे. देशातील ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणासाठी केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. शेतकरी उत्पादक कंपन्या, दूध संस्था व पाणी वापर संस्थाही आपापल्या ऐपतीप्रमाणे ह्याच वाटेने निघाल्या आहेत. ही गोष्ट स्वागतार्ह आहे, यात शंका नाही.

तथापि पुष्कळ ठिकाणी ह्या कामाचा क्रम उलटा असतो. प्रथम यंत्र खरेदी होते, नंतर एखादी प्रणाली बसविली जाते, मग जुन्या वह्या समोर ठेवून जशाच्या तशा नोंदी भरून घेतल्या जातात. वर्ष-दोन वर्षांनी एकाच सभासदाची तीन खाती निघतात, आवकेची बेरीज गोदामाशी जुळत नाही, आणि चिटणीस निमूटपणे जुनी वही पुन्हा उघडतो. दोष यंत्रावर किंवा ते चालविणाऱ्या तरुणावर येतो. वस्तुतः संस्थेने कशाची नोंद ठेवावयाची, त्या गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या कशा ओळखावयाच्या आणि त्यांचा परस्परांशी संबंध कोणता, हे कोणी आधी ठरविलेलेच नसते. हे ठरविणे म्हणजेच माहितीकोशाचा संकल्पना-आराखडा करणे होय. हे काम संगणकतज्ज्ञाचे नसून सभासदांचे व संचालकांचे आहे, आणि ते यंत्र येण्यापूर्वी कागदावर, आपल्या भाषेत पूर्ण झाले पाहिजे.

गावच्या दप्तराचा धडा

संकल्पना-आराखडा हा शब्द नवा वाटला, तरी त्यामागील विचार शेतकऱ्यास अपरिचित नाही. प्रत्येक खातेदाराच्या घरी असलेला सातबारा हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. सातबारा हा मुळात एक नमुना नसून दोन आहेत. गाव नमुना सातमध्ये जमिनीवरील हक्कांची नोंद असते, तर बारामध्ये त्या जमिनीवर घेतलेल्या पिकांची. जमीन एकच असताना दोन नमुने कशासाठी, असा प्रश्न सहज पडेल. त्याचे उत्तर असे की, हक्क वर्षानुवर्षे तोच राहतो आणि पीक मात्र प्रत्येक हंगामात बदलते. ज्यांचा बदलण्याचा वेग वेगळा, त्यांची नोंद वेगळी ठेवावी, हे तत्त्व येथे पाळलेले दिसते. हक्कात होणारा बदल प्रथम नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत येतो व प्रमाणित झाल्यावरच सातवर उतरतो. एका खातेदाराच्या नावावर गावात एकंदर किती जमीन आहे, हे पाहावयाचे तर ८-अ आहे. सात जमिनीकडून माणसाकडे जातो आणि ८-अ माणसाकडून जमिनीकडे येतो.

ही रचना संगणक अस्तित्वात येण्यापूर्वीची आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणी राज्यभर सुरू होऊन शेतकरी स्वतः मोबाईलवरून पिकाची नोंद करू लागला, तेव्हाही पीक ही त्या त्या हंगामाची गोष्ट आहे, ह्या मूळ विचारास धक्का लागला नाही. साधन बदलले, आराखडा टिकला. चांगल्या संकल्पनेचे हेच लक्षण होय. संगणकशास्त्रात ह्याच विचारास शास्त्रीय रूप आले ते पुढे. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये परस्परांशी जोडलेल्या तक्त्यांच्या रूपाने माहिती मांडण्याची पद्धत प्रसिद्ध केली, आणि पीटर चेन यांनी १९७६ मध्ये घटक व त्यांतील संबंध चौकटी आणि रेषा यांनी दाखविण्याची रीत सांगितली. ह्या चौकटी-रेषांसाठी आजही कागद व पेन्सिल पुरते.

‘एक’ म्हणजे काय?

आराखड्यातील सर्वांत अवघड प्रश्न सर्वांत साधा दिसतो. संस्थेचा एक सभासद म्हणजे कोण? एक शेत म्हणजे काय? एक आवक म्हणजे काय?

सभासदाचाच प्रश्न घ्यावा. वहीत ‘नाव’ असा एकच रकाना असतो आणि त्यात ‘अमुक व इतर तीन’ असे लिहिलेले आढळते. माणूस वहीकडे पाहून ते इतर तीन कोण, हे ओळखतो, कारण तो गावातला असतो. संगणकाला मात्र ते तिघे अस्तित्वातच नाहीत. उलट एकाच शेतकऱ्याची जमीन दोन गावांत असेल, तर त्याची दोन खाती असतात. म्हणजे एका व्यक्तीची अनेक खाती आणि एका खात्यात अनेक व्यक्ती, असा दुहेरी संबंध येथे आहे. तो एका रकान्यात कोंबता येत नाही. व्यक्तींची यादी वेगळी, खात्यांची यादी वेगळी, आणि कोणत्या खात्यात कोणाचा किती हिस्सा, हे सांगणारी तिसरी यादी वेगळी, अशी मांडणी करावी लागते. ही तिसरी यादी विसरली जाते, आणि सामाईक खात्यांच्या तंट्यांपुढे दप्तर मुके होते ते नेमके तिच्या अभावी.

मालाच्या आवकेचेही असेच आहे. सोयाबीनची पोती ट्रॅक्टरवरून घेऊन मुलगा येतो, माल आईच्या सभासदत्वावर जमा व्हावयाचा असतो, आणि पैसे वडिलांच्या बँक खात्यात जावेत अशी कुटुंबाची इच्छा असते. काटा-पावतीवर नाव मात्र एकच, आणि बहुधा ते माल आणणाऱ्याचे! उत्पादक कंपनीत सभासदाने केलेल्या व्यवहाराच्या प्रमाणात बोनस देण्याची तरतूद आहे. पावतीवरील नाव चुकले, तर बोनस चुकतो, आणि वर्षभर माल घालणारी स्त्री कागदोपत्री निष्क्रिय सभासद ठरते. म्हणून माल कोणाचा, आणला कोणी आणि पैसे कोणाकडे, ह्या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आराखड्यातच स्पष्ट झाले पाहिजे. त्या बहुतेक वेळा एकाच व्यक्तीच्या असतात, हे त्या एकत्र करण्याचे कारण होऊ शकत नाही.

नाव ही ओळख नव्हे, हेही येथेच सांगावयास हवे. एकाच गावात एकाच नावाचे दोन शेतकरी असतात. एकच शेतकरी कोठे वडिलांच्या नावासह, कोठे आडनावाविना, कोठे ‘राव’ लावून नोंदलेला असतो. विवाहानंतर स्त्रीचे नाव बदलते. गट क्रमांकही गावाच्या नावाविना निरर्थक असतो, आणि वाटणी झाल्यावर ११२ चे ११२/१ व ११२/२ होतात. म्हणून प्रत्येक सभासदास व प्रत्येक शेतास संस्थेने स्वतःचा, कधीही न बदलणारा व दुसऱ्यास पुन्हा न दिला जाणारा क्रमांक द्यावा. नाव, गट क्रमांक व बाहेरून मिळालेले इतर क्रमांक त्याच्याखाली तपशील म्हणून नोंदावेत. आधार क्रमांकास संस्थेच्या सर्व नोंदींचा मुख्य धागा करणे हिताचे नाही, कारण जो क्रमांक जपून ठेवावयाचा तो प्रत्येक पावतीवर व यादीवर फिरू लागतो.

घटक कोणता निवडावा

कोणता घटक पायाभूत मानावा, हे संस्थेच्या कामावर अवलंबून असते. द्राक्षांच्या निर्यातीचे उदाहरण ह्या दृष्टीने बोधप्रद आहे. युरोपात जाणाऱ्या द्राक्षांतील कीटकनाशकांच्या अंशांचा प्रश्न तीव्र झाल्यावर अपेडाने २००६ च्या सुमारास ‘ग्रेपनेट’ ही नोंदणी व माग काढण्याची व्यवस्था उभी केली. तिचा पाया शेतकरी हा नसून द्राक्षबागेचा प्लॉट हा आहे. फवारणी प्लॉटवर होते, नमुना प्लॉटमधून घेतला जातो आणि प्रयोगशाळेचा अहवालही त्या प्लॉटचाच असतो. नोंद केवळ शेतकऱ्याच्या नावे असती, तर एका प्लॉटमधील दोषाने त्याच्या सर्व बागा संशयित ठरल्या असत्या, किंवा कोणत्या पेटीतील माल कोणत्या बागेचा, हे सांगता आले नसते. महाराष्ट्रातील द्राक्ष बागायतदारास ही नोंदणी कागदी उपद्व्याप वाटण्याचा संभव होता. परंतु परदेशी ग्राहकास उत्तर देता येण्याचे सामर्थ्य त्याला ह्याच निवडीमुळे लाभले.

ह्याच्या उलट, केवळ खतविक्री करणाऱ्या संस्थेने प्रत्येक शेताचे तुकडे नोंदविण्याचा खटाटोप केला, तर तो श्रम वाया जाईल. यास्तव घटक ठरविण्यापूर्वी प्रश्न ठरवावेत. वार्षिक सभेत सभासद काय विचारतात, हिशेब तपासनीस काय मागतात, खरेदीदारास व बँकेस कोणती माहिती लागते, ह्यांची यादी करावी. ज्या माहितीने ह्यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर मिळत नाही, तिची नोंद ठेवू नये. सभासदाची वैयक्तिक माहिती गरजेपेक्षा अधिक गोळा न करणे हा २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यामागील विचारही आहेच.

मापे, मोकळे रकाने व जुने भाव

दप्तरातील काही चुका इतक्या लहान दिसतात, की त्यांच्याकडे लक्षच जात नाही. जुन्या वहीत ‘१.२०’ असे क्षेत्र लिहिलेले असते. ते एकर-गुंठ्यांत असेल, तर त्याचा अर्थ १ एकर २० गुंठे, म्हणजे दीड एकर. संगणक ते दशांश समजून १.२० एकर, म्हणजे केवळ ४८ गुंठे धरतो व १२ गुंठे जमीन कागदावरून नाहीशी होते. तेच ‘१.२०’ हेक्टर-आरमध्ये असेल, तर मात्र ते १ हेक्टर २० आर, म्हणजे सुमारे तीन एकर होते. क्षेत्राच्या प्रमाणात बियाणे वा खत वाटावयाचे असेल, तर कोणास अर्धे व कोणास दुप्पट मिळेल. प्रत्येक मापाचे एकक आराखड्यात लिहून ठेवणे हाच ह्यावरील उपाय होय.

मोकळ्या रकान्याचीही तीच गोष्ट. महसुली दप्तरात ‘निरंक’ हा शब्द मोठ्या शहाणपणाने वापरला जातो. पाहिले आणि काही आढळले नाही, असा त्याचा अर्थ आहे. पाहिलेच नाही, ही गोष्ट निराळी. माती तपासणीच्या नोंदीत पालाशाचा रकाना मोकळा असेल, तर तपासणी झाली नाही असा अर्थ घ्यावयाचा की पालाश शून्य आहे असा? ह्या दोहोंत भेद न करणारा माहितीकोश शेतकऱ्यास चुकीच्या खताचा सल्ला देईल.

तिसरी चूक भावाची. मालाच्या यादीत सोयाबीनसमोर भाव लिहिला, आणि उद्या भाव बदलल्यावर तो खोडून नवा लिहिला, तर कालच्या पावत्यांची रक्कमही नव्या भावाने निघू लागते. ज्या दिवशी, ज्या ओलाव्याच्या व प्रतीच्या मालास जो भाव दिला, तो त्या आवकेच्या नोंदीतच कायम राहिला पाहिजे. आजचा भाव ही मालाची माहिती आहे, तर दिलेला भाव ही व्यवहाराची माहिती आहे. घडलेला व्यवहार पुसावयाचा नसतो. चूक झाली असेल, तर तीही पुसू नये, तर फेरफाराप्रमाणे दुरुस्तीची वेगळी नोंद घालून कोणी, केव्हा व का बदल केला, ते दाखवावे.

नोंदीबाहेर राहणारी माणसे

आराखड्याचा प्रश्न केवळ सोयीचा नाही. तो न्यायाचाही आहे. कंपनी कायद्यातील व्याख्येनुसार प्राथमिक उत्पादनाशी संबंधित कोणत्याही कामात गुंतलेली व्यक्ती ही उत्पादक होय. जमिनीची मालकी ही त्या व्याख्येतील अट नाही. परंतु माहितीकोशात ‘गट क्रमांक भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही’ अशी सक्ती कोणी तंत्रज्ञाने सहज घातली, तर बटाईने शेती करणारा, शेळ्या पाळणारी भूमिहीन स्त्री, आणि पतीच्या नावावरील शेतात राबणारी शेतकरीण ही सर्व माणसे दाराबाहेर राहतात. कायद्याने जे दार उघडे ठेवले, ते एका रकान्याने बंद केले! आणि हा निर्णय ना सभेत झाला, ना संचालक मंडळात. तो कोठे झाला, हे कोणाला कळतही नाही.

म्हणून कोणता रकाना सक्तीचा व कोणता ऐच्छिक, हा धोरणाचा प्रश्न मानला पाहिजे. संस्थेची नियमावली एक म्हणते आणि माहितीकोश दुसरेच मागतो, अशी स्थिती राहता कामा नये. शेत करणारा आणि शेताचा मालक हे दोन वेगळे संबंध आराखड्यात ठेवले, म्हणजे मालकाच्या हक्कास बाध न येता कसणाऱ्याच्या श्रमाचीही नोंद होते.

तयार प्रणालीचा आक्षेप

ह्यावर असा आक्षेप घेतला जातो की, आता तयार प्रणाली मिळतात, काही तर शासनाकडूनच येतात. मग लहान संस्थेने ह्या उठाठेवीत कशास पडावे? आक्षेपात तथ्य आहे. प्रत्येक संस्थेने नवी प्रणाली घडवावी, असे कोणीही सुचविणार नाही. देशभर एकच पद्धत असण्याचे लाभ मोठे आहेत. परंतु तयार प्रणाली म्हणजेही कोणीतरी केलेला संकल्पना-आराखडाच असतो, आणि तो आपल्या कामास जुळतो की नाही, हे पाहण्यासाठी आपला आराखडा आपल्यापाशी असावा लागतो. तो असेल, तर प्रणाली दाखविण्यास आलेल्या माणसास नेमके प्रश्न विचारता येतात. तो नसेल, तर सुंदर रंगीत तक्ते पाहून होकार दिला जातो. शिवाय तयार प्रणालीत जुनी माहिती भरावी लागतेच. सभासदांची दुबार नावे, मृतांची खाती, तुटलेले गट यांचा निकाल कोणतीही प्रणाली आपण होऊन लावीत नाही.

दुसरा आक्षेप वेळेचा व खर्चाचा. येथे खर्च जवळजवळ नाहीच. शेतीची कामे मंदावलेल्या दिवसांत चार-सहा बैठका पुरतात. बांध घालण्यापूर्वी जो शेताचा उतार पाहत नाही, त्याचा बांध पहिल्या मोठ्या पावसात फुटतो, आणि मग दुरुस्तीस लागणारे दिवस कोणी मोजीत नाही.

आराखडा कसा करावा

संचालक मंडळाने चिटणीस, हिशेब लिहिणारा, गोदाम सांभाळणारा आणि किमान दोन सामान्य सभासद यांची एक लहान समिती नेमावी. त्या सभासदांत एक स्त्री असावी. तोलाईच्या काट्यावर बसणारा माणूस तर अवश्य असावा, कारण नोंदीची पहिली चूक कोठे होते, हे त्यालाच ठाऊक असते.

समितीने प्रथम सर्व पावतीपुस्तके, खतावण्या, साठा नोंदवह्या व भाग नोंदवही एकत्र पसराव्यात आणि उत्तरे हवी असलेल्या प्रश्नांची यादी करावी. नंतर मोठ्या कागदावर घटकांच्या चौकटी काढाव्यात: व्यक्ती, खाते, शेत, हंगामातील पेरणी, माल, आवक, विक्री, भरणा. प्रत्येक चौकटीत तिचे तपशील लिहावेत. दोन चौकटींत रेषा काढून संबंध एकास एक, एकास अनेक की अनेकांस अनेक, ते नोंदवावे. प्रत्येक तपशिलासमोर तो कोण भरणार, केव्हा भरणार व कोण तपासणार, हे लिहावे. ज्याच्यासमोर माणसाचे पद लिहिता येत नाही, तो तपशील काढून टाकावा. तो कधीच भरला जाणार नाही.

त्यानंतर परीक्षा घ्यावी. ती साध्या प्रकरणांची घेऊन उपयोग नाही. गावातील दहा सर्वांत अवघड प्रकरणे निवडावीत: चौघांचे सामाईक खाते, वारसनोंद न झालेली मृत सभासदाची जमीन, चालू वर्षी वाटणी झालेला गट, सोयाबीनमध्ये तुरीचे आंतरपीक, बटाईचे शेत, दोन गावांत जमीन असलेला सभासद, परत केलेला माल. ही दहाही प्रकरणे कागदावर बिनतक्रार बसली, तर आराखडा पक्का समजावा. एखादे बसले नाही, तर ‘हे एखादेच आहे’ असे म्हणून पुढे जाऊ नये. दप्तराची गरज अशाच प्रकरणांत लागते. सरळ व्यवहारावर वाद क्वचितच होतो.

शेवटी हा आराखडा सोप्या मराठीत लिहून वार्षिक सभेपुढे ठेवावा व मंजूर करून घ्यावा. पुढे त्यात बदल करावयाचा झाल्यास तोही ठरावानेच करावा, आणि प्रणाली बसविणाऱ्याशी होणाऱ्या करारास त्याची प्रत जोडावी. विस्तार कार्यकर्त्यांनीही संस्थांना संगणक चालविण्याचे शिक्षण देण्याआधी हे काम शिकविणे अगत्याचे आहे. बटणे दाबण्यास तरुण मुले लवकर शिकतात. आपल्या संस्थेत कोणाची व कशाची नोंद व्हावी, हे मात्र सभासदांनीच एकत्र बसून ठरवावयाचे आहे, आणि त्यासाठी पुढील वार्षिक सभेची वाट पाहण्याचे कारण नाही.